बिनमुळाचा चाफा

गावदेवीच्या चाफ्याची फांदी पोटुशी बाईनेच लावायची, असा त्या गावचा रिवाज होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तुर्भे आणि खाडी यांच्यामधलं ते गाव. भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि आता नव्या शहराचा रस्ता नेमका देवीच्या चौथऱ्यावरून जाणार होता. ऑफिसातल्या साहेबांनी नकाशावर बोट टेकवून सांगितलं, पावसाच्या आत देवी हलवा. साहेबांना वाटलं, झालं काम. पण देवी काही साहेबांच्या बोटावर हलणारी नव्हती. आधी तिचा होकार हवा, आणि तो द्यायची तिची रीत ठरलेली होती. जुन्या चाफ्याची फांदी नव्या जागी लावायची. फांदी जगली तर देवी यायला तयार. होकार मिळाला की जुनं झाड पाडायचं आणि त्याचं पान न् पान त्याच दिवशी खाडीत सोडायचं, मागे काडीसुद्धा ठेवायची नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या रिवाजाला एक शेपूट होतं, आणि ते बायका आवाज खाली आणून सांगायच्या. फांदी धरली तर लावणारीचं पोटही धरतं. फांदी गेली तर काय, ते कुणी बोलत नसे. तिथे आल्यावर सगळ्या पदर तोंडाशी नेत.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास फांदीचा मान असलेल्या घरात पोटुशी होती ती सखू. तिची आधीची दोन पोटं गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिने नवऱ्याला, हिरामणलाही, कितीतरी दिवस सांगितलं नाही. हिरामण ट्रकवर असायचा, आठवड्यातून कधीतरी घरी यायचा. त्याला न सांगणं सोपं होतं. सासूपासून लपवणं अवघड. दुर्गाबाईने एके सकाळी सुनेच्या तोंडाकडे नुसतं पाहिलं आणि तिच्या डोक्यावरची पाण्याची कळशी काढून घेतली.

दुर्गाबाई म्हणजे गावातली कडक बाई. देवीचा भगत नामा, वयाने तिच्याएवढाच, पण तोही तिला विचारल्याशिवाय देवीपुढे नारळ फोडत नसे. फांदी कोण लावणार असं नामाने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आमची सखू लावल." विषय संपला. सखू तिथेच भिंतीला टेकून उभी होती.  नको म्हणायची तिची छाती नव्हती, आणि म्हटलं असतं तर सासूने ऐकलं नसतं.

सखू तुर्भ्याच्या नर्सरीत रोजावर जायची. नव्या शहराच्या रस्त्यांना लागणारी झाडं तिथे तयार होत. बोगनवेल, जास्वंद, कण्हेर, हजारो फांद्या पिशव्यांतून टोचायच्या आणि मुळं फुटायची वाट बघायची. तिथल्या सुचित्राबाई शेतकी शिकलेल्या, दादरहून बसने येणाऱ्या, छत्री विसरणाऱ्या आणि बायकांना नीट समजावून सांगणाऱ्या होत्या. "झाडाच्या शेंड्यात एक द्रव्य तयार होतं," त्या सांगायच्या. "हार्मोन म्हणतात. ते खोडातून खाली उतरतं. फांदी कापली की कापलेल्या टोकाशी साठतं, आणि तिथून मुळं फुटतात. आपण बाहेरून थोडी मदत करायची. थोडीच हं."

ती मदत एका काळ्या बाटलीत असायची. सुचित्राबाई सुरीच्या टोकावर मावेल एवढीच भुकटी काढायच्या, स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि घमेलंभर शंखजिऱ्यात कालवून वाळवायच्या. मग बायका त्या पांढऱ्या पावडरीत फांद्यांची टोकं बुडवत. सखू हे रोज बघायची. सुचित्राबाईंचं 'थोडीच' तिच्या कानावर पडायचं. पण डोळ्यांना दिसायचं ते असं की, खरा माल नखाएवढा आणि पांढरी भर घमेलंभर. रेशनच्या रांगेत जन्म गेलेल्या बाईला हे काय नवीन? पिठात खडू, दुधात पाणी, तशी औषधात शंखजिऱ्याची भेसळ. सरकारी झाडांना चालत असेल. देवीला भेसळीचं कसं घालायचं?

तर तिने काळ्या बाटलीतली भुकटी चोरली. चांगली चमचाभर, कागदाच्या पुडीत. पुडी कनवटीला खोचून घरी येताना तिला वाटत होतं की रस्त्यावरचा जो तो आपल्या कमरेकडेच बघतोय. चोरीची लाज वाटली, पण पोट जाण्याची भीती त्याहून मोठी होती.

गावाची पद्धत अशी होती की चाफ्याची फांदी कापली की देवीच्या चौथऱ्याच्या भिंतीला सावलीत टेकवून ठेवायची. कापातून पांढरा चीक गळतो, तो सुकून टोकाला खपली धरली की मगच मातीत घालायची. म्हाताऱ्यांनी घालून दिलेली ही रीत उत्तम होती. नर्सरीची रीत निराळी; तिथे ताज्या कापालाच पावडर लावत, आणि तीही बोगनवेलीला बरोबरच होती. सखूने दोन्हींतलं अर्धं अर्धं घेतलं. लावायच्या दिवशी पहाटे न्हाऊन लावणारीने फांदीजवळ एकटीने बसायचं असतं. तेव्हा तिने ब्लेडने ती धरलेली खपली खरवडून काढली. चीक पुन्हा भळभळला. त्या ओल्या जखमेत तिने पुडीतली सगळी भुकटी बोटाने दाबून भरली. मग बाहेर गाणी सुरू झाली, आणि तिने फांदी नव्या जागी उभी केली.

चैत्रात फांदीला पानं फुटली. गाव हरखलं. नामा येता-जाता फांदीशी थांबून हसायचा. दुर्गाबाईने सुनेच्या ताटात तुपाची धार वाढवली. सखूला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. पोट धरलं होतं, वाढत होतं, आत बारीक हालचाल सुरू झाली होती. आता आपल्याला कुणाचं भय, असं ती मनात म्हणायची आणि म्हणताना इकडेतिकडे बघायची.

वैशाखातली एक दुपार. नर्सरीत सुचित्राबाई एका कोपऱ्यातल्या पिशव्यांपाशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. फांद्यांना कोवळी पानं होती, दिसायला छान होत्या. त्यांनी एक फांदी अलगद ओढली. ती सरळ हातात आली. खालचं टोक अंगठ्यासारखं सुजलेलं, काळं पडलेलं, आणि मुळाचा धागाही नाही.

"कोणीतरी डोस चुकवलाय," त्या म्हणाल्या. "मीच असेन. बघा बायांनो, वर पानं दिसली म्हणून फसू नका. जास्त झालं की हेच होतं. थोडं दिलं तर मुळं येतात. जास्त दिलं तर तेच औषध मुळांना अडवतं, शिवाय टोक भाजून टाकतं."

सखूने हातातली पिशवी खाली ठेवली. "मंग पानं कशी आली?"

"खोडात साठवलेलं असतं ना, त्यावर. मुळं आली की तीही वर निरोप पाठवतात, मग झाड खरं वाढायला लागतं. ही नुसती शिल्लक खातेय. शिल्लक संपली की गेली."

"आन चाफा असला तर?"

"चाफा?" सुचित्राबाई हसल्या. "तो तर महाठक. त्याची फांदी मुळाशिवाय फुलंसुद्धा देते. का गं, घरी लावलास का?"

सखू नाही म्हणाली. सकाळीच तिने देवीच्या फांदीच्या शेंड्याला कळ्या पाहिल्या होत्या. पोटात बाळाने लाथ मारली आणि एरवी सुखावणारी ती गोष्ट तिला सहन झाली नाही. तिने दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं आणि पिशव्यांच्या ओळीतच खाली बसली. सुचित्राबाईंनी पाणी दिलं, ऊन लागलं असेल म्हणाल्या, लवकर घरी जा म्हणाल्या. सखूला सांगायचं होतं की बाई, मी तुमच्या बाटलीतलं चोरलं, मला वाचवा. पण ती पाणी पिऊन उठली आणि घरी निघाली.

गावात शिरतानाच हलगी ऐकू आली. फांदीला पहिलं फूल उमललं होतं. सगळं गाव तिच्याभोवती गोळा झालं होतं आणि सखू दिसताच बायकांनी तिला ओढत पुढे नेलं. कपाळ हळदीकुंकवाने भरलं, ओटीत नारळ पडला. नामा तर नाचायचाच बाकी होता. "देवी तयार झाली!" तो ओरडत होता. "मी रस्त्याच्या मुकादमाला सांगून आलू. उद्या सकाली मानसं घेऊन येतंय. जुना चाफा उद्या पाडायचा न सांजच्या भरतीला खाडीत सोडायचा."

उद्या. सखूने त्या फुलाकडे पाहिलं. पिवळसर पोटाचं, टवटवीत, खोटं फूल. सगळे देवीला हात जोडत असताना तिने वाकून नमस्कार करण्याच्या निमित्ताने फांदीला बोट लावलं. फांदी हलली. मुळं धरलेली फांदी अशी हलत नाही, हे नर्सरीतल्या कोणत्याही बाईला कळलं असतं.

त्या रात्री तिने काय काय विचार केले ते तिचं तिलाच माहीत. गप्प राहावं, तर उद्या जुनं झाड खाडीत जाणार, आणि महिन्याभरात ही फांदीही वाळणार. मग देवीचं काहीच उरणार नाही, दुसरी फांदी घ्यायलाही झाड नसेल. आणि फांदी गेली की पाठोपाठ तिचं पोट. बोलावं, तर लोक म्हणणार, दाखव. दाखवायचं म्हणजे ती उपटायची. रिवाजाप्रमाणे लावलेल्या फांदीला लावणारीशिवाय कुणी हात लावत नाही. म्हणजे उपटायची तिनेच, स्वतःच्या हाताने, सातव्या महिन्यात. देवीच्या फांदीबरोबर आपण आपलं मूलच ओढून काढू, असं तिला वाटत होतं. वाटत होतं कसलं, खात्रीच होती. कदाचित उशिराने मुळं फुटतीलही, असं ती स्वतःला समजावायची. मग सुचित्राबाईंच्या हातातलं ते काळं टोक डोळ्यांपुढे यायचं.

सकाळी मुकादम माणसं, करवती आणि दोरखंड घेऊन हजर झाला. नामाने जुन्या चाफ्यापुढे नारळ ओवाळला. फोडायला त्याने हात वर केला, आणि सखूच्या तोंडून शब्द निघून गेला.

"थांबा!"

सगळे वळले. दुर्गाबाईही वळली.

"फांदी जगली नाय," सखू म्हणाली. आवाज एवढा बारीक होता की मागच्यांनी काय म्हणाली, काय म्हणाली असं विचारलं. "तिला मुळां नायत. झाड पाडू नका."

नामाला आधी हसू आलं. "फूल दिसत नाय कं तुला? गरवारपनात डोकां फिरतंय बायांचं."

मग तिने सांगितलं. भुकटी चोरली ते, खपली खरवडली ते, सगळी पुडी जखमेत कोंबली ते. सांगताना ती रडत होती, म्हणून वाक्यं तुटत होती, पण सगळ्यांना सगळं कळलं. देवीचा कौल घेताना तिने आपल्या हाताने मध्ये लुडबुड केली होती. कुणीतरी म्हणालं, चोरटी. कुणीतरी म्हणालं, देवीला विष घातलंन. हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली. नामाचा चेहरा लाल झाला.

"खोटा बोलतंस," तो म्हणाला. देवीने दिलेलं फूल असं कुणी हिरावून घेतलेलं त्याला सहन होत नव्हतं. "नायतं काढून दाखव."

सखूने सासूकडे पाहिलं. दुर्गाबाई दगडासारखी उभी होती. 

सखू नव्या जागेकडे चालत गेली. गाव मागोमाग आलं, पण थोडं अंतर ठेवून, तिच्या अंगाचा वाराही लागू नये अशा बेताने. तिने फांदीला दोन्ही हात घातले. बाळा, मी तुला ओढत नाही, ती मनात म्हणाली. ऐकतोस ना, तुला नाही ओढत. तिने डोळे मिटले आणि ओढलं.

एवढ्या जोराची गरजच नव्हती. चिखलात रोवलेली काठी निघावी तशी फांदी निघाली, आणि लावलेल्या जोराने सखूच मागे कोलमडली. कुणी धरलं नाही. ती तशीच बसली. फांदीचं टोक सुजलेलं, काळं, घाण वास मारणारं. धागाभरही मूळ नव्हतं. फूल मात्र गळालंसुद्धा नव्हतं.

तिच्या पोटाचा गोळा घट्ट झाला. तिला या घट्टपणाची ओळख होती. मागच्या खेपेला असंच सुरू झालं होतं. तिने हात पोटावर दाबून धरला आणि कळ यायची वाट बघत राहिली. भोवती कोण काय बोलतंय ते तिला ऐकू येईना. गोळा तसाच राहिला, राहिला, आणि मग हळूहळू सैल पडला. कळ आली नाही. तिला विश्वास बसेना, म्हणून ती हललीच नाही.

नामाने वाकून ते काळं टोक पाहिलं. मग जुन्या जागी परतून त्याने हातातला नारळ न फोडता चौथऱ्यावर ठेवला. मुकादम म्हणाला, "भगत, झाड आज नाहीतर उद्या पडणारच. माझ्या हातात नाही." नामाने कपाळावरचा घाम पुसला. देवीचा होकार नव्हता, आणि तो घ्यायला आता वेळही नव्हता. अशा वेळी काय करायचं हे त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं नव्हतं. "संध्याकालपर्यंत थांब," तो म्हणाला, आणि कोयती घेऊन स्वतःच झाडावर चढला. चांगल्या जाड फांद्या निवडून तो कापू लागला. चीक गळणाऱ्या फांद्या एकेक करून पोरी भिंतीला टेकवू लागल्या. या वेळी खपलीला कुणी हात लावणार नव्हतं.

इकडे दुर्गाबाईने सखूच्या काखेत हात घालून तिला उठवलं. जुन्या चौथऱ्याच्या मागे सावली होती, तिथे तिने तिला नेऊन बसवलं. सखूने मान खाली घातली.

"मारा मना, आये."

दुर्गाबाई तिच्या शेजारी बसली. गुडघे वाजले. 

"माझी पयली पोटात व्हती," ती म्हणाली, "तवा मिठागराच्या बांधावर देवीचं दुसरं ठान केलं व्हतं. तुझ्या यायच्या आधीच भरावात गेलं ते. तिथली फांदी मी लावली. चांगली रुजली. अशी फुलायची का होडीवाले वासानं वलून बघायचे."

"आन पोर?" सखूने विचारलं. हिरामण थोरला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या आधी कुणी होतं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"पोरगी व्हती. निली जन्माला आली. रडलीच नाय." दुर्गाबाईचा आवाज सरळ होता. "लोकां मना बोलली, फांदी तर धरली, म्हंजे पोरीतच खोट आसल. मी दर शिमग्याला त्या झाडाला पानी घालाया जायची. न कुनाला काय बोलनार?"

 सखूला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा सासूचा राग आला, आणि तो तिने गिळला नाही.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "फांदी रुजली तरी पोर जातंय, हे तुमी भोगलंव. मंग मना कनाला लावाया सांगलात? मी रोज मरत व्हती, आये. रोज."

 दुर्गाबाईने पदराने सुनेच्या हाताला लागलेली काळी घाण पुसली, बोटाबोटांतून, नखांखालून.

"तुझी दोन गेली," ती म्हणाली. "तिसरंपन जाल आसं वाटं. मना वाटलं, माझ्या पोरीत खोट आसल बी, पन तुझ्या पोराला तरी देवी धरल. दुसरं काय करनार व्हती मी? लय भ्याली व्हती गो. तुज्यापरीस जास्ती."

तिचा हात सुनेच्या पोटाकडे गेला आणि टेकायच्या आत थांबला.

"आथापन भीतच हाय," ती म्हणाली.